दोन नंबर मोठे

याकुत्स्कच्या बाजारात धुकं इतकं दाट
की समोरचा माणूस आधी खोकल्यातून कळतो, मग टोपीतून.
मासे बादल्यांत उभे, सरपणासारखे.
सार्गिलानाच्या पत्र्याच्या खोलीत शिरताच
तुयारानं थेट बोट दाखवलं:
ते. निळ्या मण्यांची किनार असलेले.

थांब, म्हटलं. आधी ते काळे बघू,
कारखान्यातले, चकचकीत,
चिठ्ठीवर लिहिलंय: उणे साठपर्यंत.
चिठ्ठी लिहिणारा कुठे बसून लिहितो कोण जाणे,
शेगडीपासून लांब नसावा.
मी त्यातला एक उचलून बाहेर बर्फात ठेवून आलो.
सार्गिलानाला माझ्या खोडी ठाऊक आहेत.
तिनं चहा ओतला.
चहा संपल्यावर बूट आणून फळीवर आपटला: टक्.
नुसतं लाकूड.
वाकवायला गेलो, तर ती म्हणाली,
मोडलात तर पैसे.

मग तिनं पोरीला विचारलं, तुझं काम उभ्याचं की चालण्याचं?
रेनडिअरांची डॉक्टर आहे मी, तुयारा म्हणाली,
उभ्याचं, चालण्याचं, आणि गुडघ्यांवर रांगण्याचंही.
सार्गिलाना हसली. मग रेनडिअरचेच घे.
त्यांच्याच पायांचं कातडं हे,
जन्मभर बर्फात उभं राहिलेलं.
एकेक केस पोकळ, पोटात हवा धरून बसलेला.
तळाला नमद्याचे थर, हातानं शिवलेले.
हात घाल आत. काढू नकोस. मोज वीसपर्यंत.

तुयारानं हात घातला, आणि बाराच्या आसपास
तिचा चेहरा बदलला.

पण आपल्या मापाचा जोड तिला घट्ट हवा होता,
पायाला चिकटून बसणारा, शहरातल्यासारखा.
नाही, मी म्हटलं, दोन नंबर मोठे.
बाबा, मी चोवीस वर्षांची आहे.
लहानपणी मोठे घ्यायचो ते पाय वाढेल म्हणून,
आता पाय वाढणार नाही, ती जागा उबेची.
बोटांना आत हलता आलं पाहिजे,
एकमेकांशी बोलता आलं पाहिजे.
घट्ट बूट आधी रक्त अडवतो, मग थंडीला दार उघडतो.
आणि घाम आला की मोजा बदल, आळस करू नकोस,
आणि रात्री चुलीला टेकवून वाळवू नकोस, कातडं कडकतं,
आणि…
बाबा.
बरं.

पाणी लागलं तर? तिनंच विचारलं शेवटी,
मग स्वतःच म्हणाली, उणे पन्नासात पाणी कुठलं.

सार्गिलानानं माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे.
नदी वरून गोठते, तेव्हा खालचं पाणी
कुठूनतरी वाट काढतं, बर्फावर येतं,
वर ताजा हिम पडतो, आणि दिसत काहीच नाही.
लेनाच्या त्या वळणावर ट्रक बंद पडला होता,
मी उतरलो, आणि दुसऱ्या पावलाला
पाय घोट्यापर्यंत भिजला.
बूट चांगलेच होते. उबदार होते. ओले झाले, एवढंच.
माझ्या डाव्या पायाला आता चार बोटं आहेत,
हे तिला माहीत आहे. कसं गेलं, ते नव्हतं.

मण्यांचे घेतले, दोन नंबर मोठे.
पैसे तेवढ्यालाच पुरले.

ट्रकमध्ये सीटमागे हात घालून
मी माझे रबराचे गलोश काढले, वंगणाचा वास येणारे,
बुटांवरून चढवायचे.
आत्ता नकोत, म्हटलं, या थंडीत दगड होतात.
एप्रिलमध्ये, नदीपाशी जाताना. विसरू नकोस.
तिनं तिथंच एक चढवून बघितला.
नव्या बुटावर बेताबेतानं सरकला
आणि नेमका बसला.

बापाचे जोडे लेकराला आले की
त्याला बरोबरीचं मानावं म्हणतात.
मी काही बोललो नाही. गिअर टाकला.
ती वाकून निळे मणी पुसत होती,
काचेवर तिचा श्वास पांढरा होत होता,
आणि बुटांत, मला माहीत होतं,
ती बोटं हलवून बघत होती.